शेवटची ओळ

"दोर बांधला का मॅडम?" खैरमोडे अण्णांनी दारातूनच विचारलं.

"बांधला हो अण्णा. किती वेळा विचाराल? जा तुम्ही चहाला," मी म्हणाले आणि माउसचं उजवं बटण दाबलं.

आधी लिहून ठेवलेल्या आठ ओळी एका दमात वर गेल्या आणि पडदा जो थांबला तो थांबलाच. मी एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. मग वेड्यासारखं सात-आठ वेळा दाबलं. अण्णा दारातच उभे होते, चहाला गेलेच नव्हते.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"येईल की."

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दोन हजार बारा सालचा एप्रिल. कराडजवळच्या एका दूध संघाच्या मुख्य ऑफिसात मी बसले होते आणि ज्या डब्याशी, म्हणजे राउटरशी, माझं बोलणं चाललं होतं तो होता साठ किलोमीटरवर, डोंगरातल्या मोरवडे शीतकरण केंद्रात, भिंतीवरच्या लोखंडी कपाटात. केंद्रातली सगळी कॉम्प्युटर त्याच डब्यातून मुख्य ऑफिसला जोडलेली. तिथे नवे कॅमेरे बसायचे होते, म्हणून नंबरांची थोडी हलवाहलव करायची होती. किरकोळ काम. मी केलं काय, तर ज्या वाटेनं त्या डब्यापर्यंत पोचले होते त्याच वाटेचा नंबर बदलून बसले. आता डबा तिकडे आणि मी इकडे.

तरी घाबरायचं कारण नव्हतं, कारण दोर बांधलेला होता.

दोर हा अण्णांचा शब्द. त्यांच्या घरची माणसं उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायला जायची. खाली उतरणारा आधी कमरेला दोर बांधायचा, मगच पाय टाकायचा. अण्णांनी तीच रीत ऑफिसात आणली होती. लांबच्या डब्याला हात लावायच्या आधी त्याला हुकूम द्यायचा की बाबा रे, दहा मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन चालू हो. काम नीट झालं तर हुकूम रद्द करायचा. आणि वाट बंद झालीच, तर हात जोडून दहा मिनिटं बसायचं. डबा बंद होऊन चालू झाला की नवं सगळं विसरतो. पक्कं साठवून ठेवलेलं तेवढंच त्याला आठवतं, म्हणजे जुनं. वाट पुन्हा उघडते.

पुण्यात मी नेटवर्किंगचा बारा दिवसांचा फास्ट-ट्रॅक कोर्स केला, सकाळी आठ ते रात्री आठ, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथे चारशे प्रश्नांचं एक पुस्तक होतं, ते पाठ केलं. तेराव्या दिवशी परीक्षा दिली. पास! पतसंस्थेच्या काउंटरवर बसून माझा जीव आंबला होता, मला तीन वर्षांचे कोर्स करायला सवड कुठली? मुळात मला थांबताच येत नाही. भाकरी फुगायच्या आधी मी उलटते, असं आई म्हणायची. तर ते सर्टिफिकेट घेऊन मी संघात आले. सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ होता, त्यातले पाच संपले होते.

अण्णांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ही पण त्यांची रीत. आम्ही दोघं त्या घड्याळाकडे बघत बसलो. म्हणजे ते बसले. मी उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले, खिडकीचा पडदा सरळ केला.

दहा मिनिटं झाली. बारा झाली. पंधरा झाली. वाट उघडली नाही.

फोन वाजला. मोरवड्याचे केंद्रप्रमुख सपकाळ. "अहो, आमचा डबा आपोआप बंद पडून चालू झाला. पण लाइनच न्हाई! फॅटची चिठ्ठी निघंना. पाचला दूध चालू होतंय, काय करू मी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. डबा बंद होऊन चालू झाला होता, म्हणजे दोर ओढला गेला होता. मग माणूस वर का आला नाही?

"आसं कसं हुईल?" ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम उठले. निळी चपटी वायर खिशात कोंबली, जीपची किल्ली घेतली. "चला. समोर बसूनच बोलाय लागंल त्याच्याशी."

माझा लॅपटॉप बॅगेत टाकून मी त्यांच्यामागे पळाले.

संध्याकाळचं दूध काय असतं, हे ज्यानं बघितलं नाही त्याला आमची घाई कळायची नाही. आसपासच्या चौदा वाड्यांमधून बायका-माणसं कॅन घेऊन येतात. प्रत्येकाच्या दुधाचं फॅट मशीनवर लागतं, आकडा मुख्य ऑफिसला जातो, तिथून चिठ्ठी निघते, मगच दूध टाकीत ओततात. महिन्याभरापूर्वी हाताने फॅट मोजण्यावरून केंद्रावर चपला निघाल्या होत्या, तेव्हापासून चेअरमनचा आदेश होता की चिठ्ठीशिवाय थेंब घ्यायचा नाही. एप्रिलच्या उन्हात दूध तास-दीड तास कॅनमध्ये राहिलं की नासलंच.

आणि दुसरी गोष्ट अण्णांची. ते संघात अठरा वर्षं होते. आधी टेलिफोनच्या वायरी ओढायचे, मग कॉम्प्युटरच्या. मोरवड्याचं कपाट त्यांनीच भिंतीत ठोकलेलं. पण नवे आयटी प्रमुख आले, भडकमकर साहेब, आणि त्यांनी नियम काढला की सर्टिफिकेट नसलेल्यानं एक मे नंतर नेटवर्कला हात लावायचा नाही. अण्णांची बदली कॅन धुण्याच्या विभागात ठरली होती. अनुभव बघून राहू द्यावं, असा अर्ज त्यांनी चेअरमनकडे केला होता. त्यावर भडकमकर साहेबांचं मत शुक्रवारी जायचं होतं. आज बुधवार होता.

आणि दोन-चाळीसला मी जे काही केलं होतं ते अण्णांच्या नावानं केलं होतं. उमेदवारीत मला फक्त बघायची परवानगी होती, म्हणून ते नेहमीसारखं म्हणाले होते, "माझ्या नावानं शिरा की. नावाला काय धाड भरलीय?"

उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. अण्णा हॉर्न वाजवत नव्हते, नुसते ट्रॉलीमागून चालवत होते. माझा पाय जीपच्या पत्र्यावर ताड ताड वाजत होता.

"काढा की हो पुढे!"

"काढतो. समोरनं एसटी येतीय."

ट्रॉली मागे पडली. चढ लागला. जरा वेळानं अण्णा म्हणाले, "मॅडम, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"त्यो बारा दिवसांचा कोर्स. करू का मी? तसा उपेग हाय का त्याचा?"

उपयोग? माझ्या डोक्यात चारशे प्रश्न आणि त्यांची अ-ब-क-ड उत्तरं होती. अण्णांच्या डोक्यात सगळ्या केंद्रांतल्या प्रत्येक वायरीचा वळसा होता.

"इंग्रजी लई नडतं मला," ते म्हणाले. "पर पाठ करीन. पोरगी रोज संध्याकाळी वाचून दावती म्हणालीय. बारा दिवस रजा टाकायची, पुण्याला मेव्हण्याकडं ऱ्हायचं. आता बावन्न सरलं. कॅन धुवाय लाज न्हाई वाटत मला, काम त्ये काम. पर ह्या वायरी मी वडल्यात हो. दुसऱ्या कुणी हात लावला तर मला झोप यायची न्हाई."

"बघू ना, अण्णा," मी म्हणाले. काय बघणार होते कोण जाणे.

"आणि आज ह्ये आसं झालं." त्यांनी गिअर टाकला. "अठरा वर्षांत दोर तुटला न्हवता माझा. माझंच कायतरी चुकत आसंल. जुनी रीत, नव्या डब्याला लागू पडत नसंल."

मला बसवेना. काहीतरी हातात हवं म्हणून मी बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला. सकाळी नोटपॅडमध्ये आठ ओळी लिहून ठेवल्या होत्या, दुपारी त्याच उचलून एका झटक्यात डब्यात ओतल्या होत्या. मी पहिल्यापासून वाचायला लागले. चौथ्या ओळीत नंबराची चूक होती, ती कळलीच होती. पाचवी ठीक, सहावी ठीक, सातवी ठीक. आठवी ओळ म्हणजे दोनच अक्षरं. पक्कं साठव!

मी ती ओळ पुन्हा वाचली.

पुण्याच्या क्लासमध्ये सर टेबलावर पट्टी आपटायचे. "कमांड, एंटर, सेव्ह! सेव्ह नाही तर मार्क नाही!" सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं बरोबर केलं आणि सेव्ह विसरलं की शून्य मिळायचं. बारा दिवसांत माझ्या बोटांना ते असं लागलं की श्वास घेतल्यासारखं व्हायचं. नोटपॅडमध्ये ती ओळ मी कधी लिहिली तेही मला आठवत नव्हतं. आठही ओळी एकदम गेल्या, वाट बंद झाली तरी शेवटची ओळ डब्यात पोचलेली होती, आणि डब्यानं चुकीचंच पक्कं लक्षात ठेवलं. बंद होऊन चालू झाला आणि तेच आठवलं. दोर नव्हता तुटला. मीच सोडला होता.

"काय सापडलं का?" अण्णांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

का तसं म्हणाले? एक महिना राहिला होता नोकरी पक्की व्हायला, म्हणून. दुसरं काही नाही. पुढची वीस मिनिटं अण्णा स्वतःच्या दोराला नावं ठेवत राहिले आणि मी खिडकीतून करवंदीच्या जाळ्या बघत राहिले.

पाचला दहा कमी असताना आम्ही पोचलो. फाटकाबाहेर तीस-पस्तीस कॅन रांगेत होते. बायकांनी कॅनवर ओली पोती टाकली होती. एक म्हातारी सपकाळांच्या अंगावर ओरडत होती, "दोन मैल चालत आले मी! नासलं तर तुझ्या घरात वतीन!"

"आलो, आलो, आत्याबाई," अण्णा जीपमधून उतरत म्हणाले. "पाच मिन्टं द्या मला."

कपाट उघडलं. अण्णांनी निळी वायर डब्याला लावली, दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला, आणि दुधाचा रिकामा क्रेट उपडा घालून मला म्हणाले, "बसा."

"मी?"

"तुमच्या हातनंच होऊ द्या. न्हाईतर भीती बसंल."

मी क्रेटवर बसले. टाइप केलं. जुना नंबर पुन्हा घातला, एंटर मारलं, आणि माझी बोटं, आईशप्पथ सांगते, माझी बोटं आपोआप त्या दोन अक्षरांवर गेली. अण्णांचा पंजा कीबोर्डवर येऊन पडला.

"थांबा. आधी चालतंय का बघा तरी!"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी नोटपॅड उघडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अण्णा, हे मी केलं. दोर ठीक होता. मीच आधी सेव्ह करून बसले. जीपमध्येच कळलं होतं मला."

मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं. त्यांनी ती ओळ वाचली, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग चेहरा असा मोकळा झाला की बस.

"म्हंजी दोर तुटला न्हवता?"

"नाही."

"आगं पोरी, मग आधी सांगायचं न्हाई का! तासभर जीव टांगणीला लावलास माझा." ते चक्क हसले. पाच महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा पोरी म्हटलं होतं, पहिल्यांदा एकेरीत आले होते. "चल, सपकाळांना चिठ्ठी काढाय सांग."

चिठ्ठी निघाली. मशीनच्या त्या टरटर आवाजानं मला रडू आलं. म्हातारीचं दूध सगळ्यात आधी घेतलं, तरी ती जाताना सपकाळांना दोन शिव्या देऊनच गेली. मग अण्णा म्हणाले, "आता कर सेव्ह." मी केलं.

परत येताना ते एकदाच त्या विषयावर बोलले. "साहेबाला सांगशील न्हवं?"

"उद्या सकाळी पहिली जाते."

"त्यो तुझा नोटपॅडचा कागद का काय हाय, त्यो दाव त्यास्नी. तोंडाचं कोण ऐकत न्हाई. लिवल्यालं दावलं की झालं."

"दाखवते ना. शपथ."

त्या रात्री मी मनात सगळं बोलणं पाठ केलं. सकाळी साडेनऊला भडकमकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर नोंदींचा छापील कागद होता. वेळ, दोन एकेचाळीस. नाव, खैरमोडे.

"सर, कालची चूक माझी होती," मी म्हणाले. उभ्यानंच म्हणाले. "मी त्यांच्या नावानं काम करत होते. नंबर मी चुकवला आणि न तपासता सेव्हही मीच केलं."

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे कौतुकानं बघितलं, हो, कौतुकानंच.

"बसा, मॅडम. तुम्ही त्यांना पाठीशी घालताय, ते मला कळतंय. मोठ्या मनाच्या आहात. पण मला खुळा समजू नका. न तपासता सेव्ह? सर्टिफाइड माणूस असं कधी करत नाही. तुम्ही हजारात साडेनऊशे गुण मिळवलेल्या बाई. ही त्या अंदाजपंचे काम करणाऱ्या लोकांची सवय."

"नाही सर, खरंच मीच—"

"झालं. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. तुमचं कन्फर्मेशनचं पत्र मी आजच टाइपला देतोय, तोपर्यंत त्यांच्या नादाला लागू नका."

बॅग माझ्या खांद्याला होती. लॅपटॉप बॅगेत होता. नोटपॅडची ती फाईल त्यात होती, आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी माझ्या लॅपटॉपवर बनलेली, शेवटच्या ओळीसकट. चेन उघडायची, लॅपटॉप टेबलावर ठेवायचा, दोन क्लिक. मला थांबता येत नाही असं मी वर सांगितलं ना? त्या केबिनमध्ये मला थांबता आलं. छान आलं. मी मनातल्या मनात म्हणाले, सांगितलं की मी. आता नाही पटत त्यांना, त्याला मी काय करू? आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. पंख्याचा गार वारा मानेवर लागल्याचं अजून आठवतं.

"थँक यू सर," मी म्हणाले.

अण्णा जिन्याखाली उभे होते. चहाचे दोन ग्लास घेऊन.

"सांगितलंस?"

"सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं. पण त्यांना पटतच नाही. म्हणतात, सर्टिफिकेटवाला माणूस असं करणारच नाही."

"आन् त्यो कागद?"

"लॅपटॉपची बॅटरी उतरली होती, अण्णा."

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलाशेजारीच चार्जर लावायला विजेचा पॉइंट आहे, आणि तो अठरा वर्षांपूर्वी अण्णांनीच बसवला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

एक ग्लास त्यांनी माझ्या हातात दिला.

"मग चांगलाच हाय की त्यो कोर्स," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "बारा दिवसांत यवढं मिळतंय. मी उगाच काल तुमास्नी इचारत बसलो, मॅडम."

आज मी स्वतः क्लास घेते, चार महिन्यांचा. फास्ट-ट्रॅक आहे का, त्याचा उपयोग होतो का, असं रोज कुणी ना कुणी फोनवर विचारतं. मी काहीबाही सांगते. पहिल्याच तासाला दोर बांधायला शिकवते, कुणाकडून शिकले तेही सांगते. ती फाईल अजून माझ्याकडे आहे, तीन लॅपटॉप बदलले तरी. अण्णा पुढची सहा वर्षं कॅन धुण्याच्या विभागात होते. येता-जाता भेटायचे, हात वर करायचे, बरं हाय का मॅडम, म्हणायचे. पोरी असं त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही.